रुग्ण कोणाच्या हवाली?



अमानत हा शब्द उच्चारला की आपल्या मनात प्रथम येतात ते कोणी ठेवायला दिलेले पैसे, दागिने किंवा विश्वासाने सांगितलेले गुपित. फिकहच्या ग्रंथांतील ठेवीचे प्रकरण ज्यांनी अभ्यासले आहे त्यांना ठाऊक असेल की त्यातील बरेचसे मसले दोन प्रश्नांभोवती फिरतात. ठेव नेमकी कोणी स्वीकारली? आणि तिच्या रक्षणात त्याच्याकडून हलगर्जी किंवा अतिक्रमण झाले का? पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा प्रश्न विचारताच येत नाही.

हेच दोन प्रश्न घेऊन आज आपल्याला रुग्णालयाच्या वॉर्डात जायचे आहे. आई, वडील वा लेकराला आपण तेथे दाखल करतो तेव्हा एक जिवंत अमानत दुसऱ्याच्या हाती सोपवीत असतो. कोणाच्या हाती? ‘डॉक्टरांच्या’ असे उत्तर आपण सहज देऊन टाकतो. परंतु डॉक्टर दिवसातून एक-दोनदा फेरी मारून जातात. चोवीस तासांतील उरलेला जवळजवळ सारा वेळ रुग्ण परिचारिकांच्या देखरेखीखाली असतो. म्हणून परिचारिकांमध्ये काम कसे वाटले जाते, हा केवळ मेट्रनच्या टेबलावरील तक्त्याचा विषय राहत नाही. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात या वाटपाच्या निरनिराळ्या पद्धती शिकवल्या जातात, आणि प्रत्येक पद्धतीत ‘रुग्ण कोणाकडे?’ या प्रश्नाचे उत्तर निराळे येते.

गर्दीच्या वॉर्डात आपल्याला नेहमी दिसते ती कामांच्या विभागणीची पद्धत. एक सिस्टर सर्वांचा ताप, नाडी, रक्तदाब नोंदवते. दुसरी औषधांची ट्रॉली घेऊन खाटेमागून खाट फिरते. तिसरी ड्रेसिंग करते, चौथी केसपेपर आणि तपासण्यांचे कागद सांभाळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाश्चात्त्य रुग्णालयांत परिचारिकांची तीव्र टंचाई निर्माण झाली, तेव्हा कारखान्यातील कामवाटपासारखी ही रीत फार फोफावली. थोड्या माणसांत पुष्कळ काम उरकते, नवशिक्यालाही एकच काम लवकर साधते, हा तिचा फायदा नाकारता येणार नाही.

आता कल्पना करा. मधुमेह असलेली एक वृद्धा पायाच्या जखमेसाठी दाखल आहे. तिचा ताप वेळेवर मोजला गेला, गोळी वेळेवर मिळाली, जखमेचे ड्रेसिंग स्वच्छ झाले. प्रत्येकीने आपले काम चोख केले. परंतु सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतलेला नाही आणि एकाच कुशीवर पडून राहिल्याने तिची दुसरी टाच लालसर होऊ लागली आहे. शय्याव्रणाची सुरुवात अशीच होते. ही गोष्ट कोणाच्या रकान्यात बसते? कोणाच्याच नाही. तिच्या मुलाने विचारले, तर औषधाच्या सिस्टर म्हणतील, ‘ते माझ्याकडे नाही.’ आजाऱ्यांच्या इयादतीला जाताना हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की ते आता पाठ झाले आहे. नातेवाइकाला ते उद्धट वाटते. वस्तुतः ते खरे असते. तिच्याकडे ते नसतेच.

या पद्धतीचा परिचारिकेवर काय परिणाम होतो, याचा एक मूलगामी अभ्यास इझाबेल मेंझीस या संशोधिकेने लंडनमधील एका मोठ्या अध्यापन रुग्णालयात केला आणि १९६० मध्ये तो प्रसिद्ध झाला. मृत्यू, वेदना, मलमूत्र आणि रडणारे नातेवाईक यांच्या सतत सान्निध्याने मनावर येणारा ताण टाळण्यासाठी त्या संस्थेने नकळत काही रिती उभ्या केल्या होत्या, असे त्यांना आढळले. काम तुकड्यांत वाटायचे, कोणा एका रुग्णाशी फार जवळीक होऊ द्यायची नाही, रुग्णाचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने करायचा. हेतू परिचारिकेचे मन वाचवण्याचा होता. घडले उलटेच. रुग्णाला बरे करण्यात आपला वाटा आहे, हे समाधानच तिच्या हातून गेले. त्या रुग्णालयात प्रशिक्षणास आलेल्या मुलींपैकी सुमारे एक तृतीयांश ते पूर्ण न करताच निघून जात, आणि त्यांतील बहुतेक स्वेच्छेने जात. सेवेसाठी आलेल्या मुलीला सेवेचे फळच दिसू नये, ही मोठी शिक्षा आहे.

युद्धानंतर, १९५० च्या दशकात, अमेरिकेत गटपद्धती पुढे आली. एलेनॉर लँबर्टसन यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. एक अनुभवी परिचारिका गटप्रमुख होते, तिच्या हाताखाली कमी शिकलेल्या मदतनीस असतात आणि वॉर्डातील ठरावीक रुग्ण त्या गटाकडे असतात. विभागणीपेक्षा हे निश्चित बरे, कारण निदान गट तरी ठरतो. मात्र यश गटप्रमुखावर अवलंबून राहते. ती कागदपत्रांतच अडकली, तर गटात पुन्हा ट्रॉलीवाली आणि ड्रेसिंगवाली अशी वाटणी होते.

तिसऱ्या पद्धतीपाशी मात्र थोडे थांबायला हवे. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात मेरी मँथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वॉर्डात निराळा प्रयोग केला. रुग्ण दाखल होताच तो एका परिचारिकेच्या नावे झाला. त्याच्या परिचर्येचे नियोजन तिने करायचे, डॉक्टरांशी तिने बोलायचे, घरी जाताना काय जपायचे हे तिने समजवायचे. ती चोवीस तास हजर राहू शकत नाही, हे उघड आहे. तिच्या अनुपस्थितीत दुसरी परिचारिका तिने आखलेल्या नियोजनानुसार काम करते. पण चोवीस तासांची जबाबदारी तिचीच राहते. मराठीत आपण तिला प्रमुख परिचारिका पद्धत म्हणू. येथे ‘रुग्ण कोणाकडे?’ याचे उत्तर एका नावात मिळते.

राखणदाराची उपमा देणारी हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. तिच्या रचनेकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. सर्वांनी मिळून सर्वांची काळजी घ्यावी, एवढेच सांगून प्रेषित (स.) थांबले नाहीत. शासक, घरचा पुरुष, घरची स्त्री, सेवक असा एकेकाचा उल्लेख करून त्याच्या हवाली काय आहे तेही स्पष्ट केले. खंदकाच्या लढाईत, हिजरी सन ५ मध्ये, हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले तेव्हा त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवण्यात आले. स्वतः प्रेषित (स.) येता-जाता त्यांची विचारपूस करीत. विचारपूस सर्वांची होती, परंतु रुग्ण कोणाच्या हवाली आहे हे ठरलेले होते.

मग सर्व रुग्णालयांनी उद्यापासून प्रमुख परिचारिका पद्धत सुरू करावी का? येथे घाई नको. या पद्धतीवर अनेक अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. काही ठिकाणी रुग्णांचे आणि परिचारिकांचे समाधान वाढले, काही ठिकाणी फरक पडला नाही. इंग्लंडमध्ये १९९१ च्या रुग्णहक्कांच्या सनदेत प्रत्येक रुग्णाला नावानिशी एक परिचारिका देण्याचे अभिवचन सरकारने दिले. त्यानंतर टीका झाली ती हीच की अनेक वॉर्डांत ते फळ्यावर लिहिलेले नावच राहिले. नाव लिहायला खडू पुरतो. त्या नावाला वेळ द्यायला माणसे लागतात.

यापुढचा मुद्दा म्हणूनच संख्येचा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे सरासरीने एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच एका जादा रुग्णामागे परिचारिका कामाच्या ताणाने पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली होती. २०१४ मध्ये नऊ युरोपीय देशांतील अभ्यासातही रुग्णमृत्यूबाबत तोच ७ टक्क्यांचा आकडा पुढे आला. रुग्णाचे हित आणि परिचारिकेचे हित ही दोन वेगळी प्रकरणे आहेत, असे मानणाऱ्यांनी हे आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. कॅलिफोर्निया राज्याने तर २००४ पासून कायद्यानेच मर्यादा घातली. तेथील सामान्य वॉर्डांत आता एका परिचारिकेकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचा निकषही अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक असाच आहे. रात्रपाळीला आपल्या एखाद्या सरकारी वॉर्डात जाऊन खाटा मोजाव्यात, जमिनीवरच्या गाद्याही मोजाव्यात आणि मग सिस्टर मोजाव्यात. भागाकार वाचकांनी स्वतःच करावा.

अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरच्या आयतीतून आपण शिकलो आहोत. माणसे मात्र टाकतात. चाळीस रुग्णांची अमानत दोघींच्या ओंजळीत ओतायची आणि एक जरी सांडली तरी त्यांनाच गुन्हेगार ठरवायचे, याला न्याय म्हणता येत नाही. आरंभी उल्लेखिलेल्या फिकहच्या नियमाप्रमाणे, अमीनाकडून हलगर्जी वा अतिक्रमण झाले नसेल तर ठेवीच्या नुकसानीची भरपाई त्याच्यावर येत नाही. वॉर्डात आवाज चढवणाऱ्या, प्रसंगी हात उगारणाऱ्या आपल्या तरुणांनी हा मसला नीट समजून घ्यावा. आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे हे खरे, पण आपल्याला ही मर्यादा शिकायला पोलिसांची गरज पडू नये. जाब विचारायचाच असेल, तर पदे रिक्त ठेवणाऱ्यांना विचारावा. तो अर्जाने, लेखी आणि वारंवार.

संख्या आणि पद्धत यांच्या पलीकडेही काही उरते, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या शय्याग्रस्त झाल्या. २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. किती पाळ्या बदलल्या असतील, किती सिस्टर निवृत्त होऊन नव्या आल्या असतील! सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या प्रकरणाचा निकाल दिला तेव्हा इतक्या दीर्घ काळात त्यांना एकही शय्याव्रण झाले नसल्याची बाब पुढे आली, आणि न्यायालयाने त्या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. वर कल्पिलेल्या वृद्धेची लाल झालेली टाच आठवा. ती कोणाच्याच रकान्यात नव्हती. केईएममध्ये ही एक रुग्ण प्रत्येक पिढीने ‘आमची’ मानली, आणि हाती आलेली जबाबदारी पुढच्या पिढीच्या हाती तशीच अखंड दिली.

आपल्या समाजातील मुली आता नर्सिंगच्या शिक्षणाकडे वळत आहेत. रात्रपाळी कशी करणार, स्थळे येतील का, ही चर्चा घरोघरी होते. तिच्याबरोबर आणखी एक प्रश्न पालकांनी विचारायला हवा: ज्या रुग्णालयात मुलगी रुजू होणार, तेथे एका पाळीत तिच्याकडे किती रुग्ण असतील? पगाराइतकाच हाही विचारण्याचा विषय आहे. आणि ती दमून घरी आली, तर तिला लगेच रोट्या लाटायला उभी करू नये. हे एक इमाम लिहितो आहे म्हणून कोणी हसू नये. घरकामात हात लावणे ही सुन्नत आहे.

आणि ज्यांचा माणूस आज वॉर्डात आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे नातेवाईक हा परिचर्येचा अलिखित भागच असतो. पाणी पाजणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे ही कामे पुष्कळदा तोच करतो. तेव्हा दाखल करतानाच अदबीने विचारावे, ‘सिस्टर, या पाळीत आमचा पेशंट कोणाकडे आहे?’ नाव कळले तर ते लक्षात ठेवावे आणि त्याच नावाने हाक मारावी. सर्वांत नाजूक वेळ पाळी बदलण्याची असते. जुनी सिस्टर नवीला रुग्ण सोपवते तेव्हा जे सांगायचे राहून जाते, ते बहुधा पुढचे आठ तास कोणालाच कळत नाही. त्या वेळी खाटेभोवती दहा जणांनी घोळका करू नये, एकानेच थांबावे. रात्री पाणी किती प्यायले, लघवी किती वेळा झाली, कूस केव्हा बदलली, कोठे दुखते असे रुग्ण म्हणाला, हे एका कागदावर वेळेसह लिहून ठेवावे आणि सकाळी नवी सिस्टर खाटेपाशी येईल तेव्हा तो कागद तिच्या हाती द्यावा.