मैत्रीचे पदक

मुलांनो, काठी टेकून ओढ्याच्या पलीकडे उडी मारणारा गुराखी तुम्ही पाहिला असेल. काठीच्या आधाराने उंच उडी मारण्याचा एक खेळही आहे. त्याला बांबू-उडी म्हणतात. खेळाडू लांब काठी घेऊन वेगाने धावत येतो. जमिनीत पुरलेल्या लहान पेटीत तो काठीचे टोक टेकवतो आणि तिच्या जोरावर अंग वर झोकून देतो. पाय वर, डोके खाली करून तो आडव्या दांडीवरून पलीकडे जातो. दांडी पडली, की उडी बाद! प्रत्येक उंचीसाठी तीन संधी मिळतात.

आज या खेळात लवचीक काठ्या वापरतात आणि पडण्यासाठी जाड, मऊ गाद्या असतात. पूर्वी काठी खरोखरच बांबूची असे. गाद्याही नव्हत्या. त्या काळात जपानचे शुहेई निशिदा हे नामवंत खेळाडू होते. त्यांचा जन्म १९१० साली झाला. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी ४.३० मीटर उंच उडी मारली. सुवर्णपदक अवघ्या दीड सेंटिमीटरने हुकले. त्यांना रौप्यपदक मिळाले.

पुढचे ऑलिंपिक १९३६ साली बर्लिनला भरले. या वेळी निशिदांबरोबर त्यांचा मित्र सुएओ ओए हाही जपानकडून खेळत होता. निशिदा वासेदा विद्यापीठाचे, तर ओए केइओ विद्यापीठाचा. या दोन विद्यापीठांत खेळांची मोठी चुरस असे. पण या दोघांची मैत्री मात्र घट्ट होती.

स्पर्धा फार लांबली. अंधार पडला. मैदानावरचे दिवे लागले, तरी उड्या चालूच होत्या. अखेर अमेरिकेच्या अर्ल मेडोज यांनी ४.३५ मीटर उडी मारून सुवर्णपदक जिंकले. निशिदा आणि ओए या दोघांनीही ४.२५ मीटर उंची पार केली होती. मग दुसरा कोण आणि तिसरा कोण?

ते ठरवण्यासाठी दोघांनी पुन्हा उड्या मारायच्या होत्या. पण मित्राला हरवून वरचे पदक घेणे दोघांनाही नको होते. त्यांनी आणखी चढाओढ करण्यास नकार दिला. शेवटी जपानच्या संघानेच निर्णय घेतला. निशिदांनी ४.२५ मीटर उंची पहिल्याच प्रयत्नात पार केली होती. म्हणून त्यांना रौप्य आणि ओएला कांस्यपदक देण्यात आले.

मुलांनो, तुम्ही असता तर काय केले असते? त्या दोघांनी काय केले ते ऐका. जपानला परतल्यावर त्यांनी दोन्ही पदके मधोमध कापून घेतली. मग रौप्याचा अर्धा भाग कांस्याच्या अर्ध्या भागाला जोडून घेतला. अशी दोन नवी पदके तयार झाली. प्रत्येक पदक अर्धे चांदीचे, अर्धे काशाचे! लोक त्यांना ‘मैत्रीचे पदक’ म्हणू लागले.

पुढे दुसरे महायुद्ध पेटले. ओए सैन्यात होता. १९४१ च्या डिसेंबरमध्ये वेक बेटावर त्याला मरण आले. तेव्हा तो केवळ २७ वर्षांचा होता.

निशिदांनी खेळ सोडला नाही. १९५१ साली आपल्या दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे वयाच्या ४० व्या वर्षी त्यांनी बांबू-उडीत कांस्यपदक मिळवले. १९९७ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे ते जोडपदक वासेदा विद्यापीठात जपून ठेवले आहे.

आजचे खेळाडू सहा मीटरांहूनही उंच उड्या मारतात. ४.२५ मीटर ही उंची आता फार वाटत नाही. तरीही त्या दोन मित्रांची आठवण लोक काढतात. शर्यतीत जीव ओतून खेळावे आणि खेळ संपल्यावर यश वाटून घ्यावे, हे त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बर्लिनचे ऑलिंपिक कोणत्या साली भरले?
(आ) निशिदांना रौप्यपदक का देण्यात आले?

२. निशिदा व ओए यांनी आपल्या पदकांचे काय केले? का केले असेल?

३. वाक्यांत उपयोग करा : जीव ओतणे, नकार देणे.

४. तुम्ही आणि तुमच्या मित्राने एखादी गोष्ट वाटून घेतली असेल, तर तो प्रसंग वर्गात सांगा.