पोटातल्या बाळापर्यंत पोहोचणारा धूर



बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा एक दृश्य अनेकदा दिसते. आत खाटेवर बाळंतीण आणि बाळ, बाहेर ओटीवर बाळाचे वडील किंवा आजोबा सिगारेट ओढत बसलेले. विचारले तर उत्तर ठरलेले : "आम्ही बाळाजवळ कुठे ओढतो?" दार मात्र सताड उघडे असते. अशाच एका घरी जावेच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. धाकट्या सूनबाईला सहावा महिना. आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "फादरना सांगा ना, पपांना समजवायला. मी कशी बोलू?"

तिला बोलता येत नाही, म्हणून आम्ही लिहीत आहोत.

बिडी-सिगारेटच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरते. म्हणजे आईने शेजारच्याचा धूर श्वासात घेतला की तिच्या रक्तात प्राणवायूची जागा हा वायू अडवतो आणि बाळाच्या वाट्याचा प्राणवायू घटतो. निकोटिन तर वारेतून थेट बाळापर्यंत जाते. परिणामी बाळ कमी वजनाचे जन्मते, कधी दिवस भरण्याआधीच. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग लवकर होतो, अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढायला बळ पुरत नाही. "बाळ लहान असलं की सुटका सोपी होते," असे काही जुनी माणसे म्हणतात. ते खरे मानू नये.

स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी झाली. त्यानंतर तेथील बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले. विशेष म्हणजे स्वतः कधीच न ओढणाऱ्या मातांमध्येही ही घट होती. आपल्याकडेही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी अशी बंदी आहे. पण घराच्या उंबऱ्याआत कायदा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याच्या धुराचा त्रास होत असल्याचे आढळले.

जन्मानंतरही धोका संपत नाही. धुराच्या घरातील बाळांना न्यूमोनिया, दमा, कानाचे दुखणे अधिक होते. झोपेतच अचानक बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. म्हणून धूम्रपान करणाऱ्याने बाळाला आपल्या अंथरुणात घेऊ नये.

खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही. दुसऱ्या खोलीत ओढूनही नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हे स्पष्ट केले आहे. ओढायचेच असेल तर घरापासून दूर जावे, आणि परतल्यावर हात धुऊन, सदरा बदलून मगच बाळाला घ्यावे, कारण धुराचे विष कपड्यांवर बसते.

जाता जाता महिलांनाही एक गोष्ट सांगायची आहे. मशेरी म्हणजे तंबाखूच. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरी किंवा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. तेव्हा नुसते पुरुषांकडे बोट दाखवून चालणार नाही.

त्या पपांशी आम्ही पुढच्या आठवड्यात बोललो. रागावतील असे वाटले होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला हे आधी कुणी सांगितलंच नाही." दुसऱ्या दिवसापासून खुर्ची ओटीवरून विहिरीपलीकडे चिंचेखाली गेली. बिडी सुटलेली नाही, प्रयत्न चालू आहे. ज्यांना सोडायची आहे त्यांच्यासाठी सरकारचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. तो तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो.