विमानाच्या पोटात आमची शेवंती मावेल का?

प्रश्न : आमची शेती राहाता तालुक्यात आहे. पेरूची बाग आणि अर्धा एकर शेवंती. काकडी गावाजवळच्या शिर्डी विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या शेतावरूनच जातात. माझी धाकटी मुलगी परवा विचारत होती, ‘आई, विमानात नुसती माणसंच बसतात का? आपली फुलं का नाही नेत?’ मला उत्तर देता आलं नाही. आपल्या भागातला माल विमानाने जाऊ शकतो का? जात असेल, तर आम्ही अजून हुंडेकऱ्याच्या ट्रकची वाट बघत रात्र का काढतो?
(एक वाचक, राहाता तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या मुलीला आधी एक गोष्ट सांगा. आपल्या देशात विमानाचा धंदा सुरू झाला तो माणसं नेण्यासाठी नाहीच. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून एक छोटं विमान यमुनेपलीकडच्या नैनीला गेलं. त्यात होती साडेसहा हजार पत्रं. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले, तेव्हाही सोबत प्रवासी नव्हता, टपालाच्या थैल्या होत्या. म्हणजे विमानात आधी माल बसला, माणसं मागून आली. मुलीचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे.

आता तुमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाकडे वळू. प्रवासी जिथे बसतात त्या फरशीखाली पोकळ जागा असते, तिला विमानाचं पोटच म्हणतात. तिथे आधी प्रवाशांच्या बॅगा जातात. उरलेल्या जागेत माल. देशातल्या मार्गांवरच्या नेहमीच्या जेट विमानात साधारण एक ते तीन टनांची सोय होते, पंख्याच्या छोट्या एटीआर विमानात त्याहून कमी. एखाद्या पिकअप गाडीत मावतं तेवढंच समजा. खास मालवाहू विमानांची गोष्ट वेगळी. ए-३२१ जातीच्या मालवाहू विमानात २७ टनांपर्यंत माल बसतो, बोइंग ७७७ च्या मालवाहू विमानात शंभर टनांच्या आसपास. पण काकडीला येतात ती प्रामुख्याने साईभक्तांची, प्रवाशांची विमानं. तेव्हा तुमच्यासाठी हिशोब पिकअपचाच.

आणि भाडं? इथे बहुतेक शेतकरी पहिल्यांदा गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विमानवाले वजन दोन प्रकारे मोजतात. एक काट्यावरचं वजन, दुसरं आकाराचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ६,००० ने भागायचं. दोन्हींत जे जास्त, त्यावर आकारणी. समजा तुमचं खोकं ६० बाय ४० बाय ४० आहे. गुणाकार ९६,०००, भागाकार १६. आत शेवंती भरली आणि काट्यावर आठच किलो भरली, तरी भाडं १६ किलोचं. फुलं हलकी आणि फुगीर, म्हणून तुम्ही निम्मे पैसे हवेचे भरता. त्याच खोक्यात पेरू भरले तर खरं वजनच १६ किलोच्या कितीतरी पुढे जातं आणि आकारणी काट्यावर येते. म्हणून फुलांचा व्यापार करणारे लोक खोक्याच्या मापाचा इतका काथ्याकूट करतात. दोन बोटं कमी उंचीचं खोकं घेतलं तर तेवढाच पैसा वाचतो.

जागतिक बँकेच्या एका अभ्यासात हवाई भाडं रस्त्याच्या चार-पाच पट आणि समुद्रमार्गाच्या बारा ते सोळा पट धरलं आहे. इतकं महाग असून लोक विमानाने माल का पाठवतात? कारण विमान वेळ विकतं. जगाच्या व्यापारात वजनाने पाहिलं तर एक टक्क्याहून कमी माल हवेतून जातो, पण किमतीने पाहिलं तर सुमारे एक तृतीयांश. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, मोबाइल, ताजी फुलं. ज्याची किंमत किलोमागे मोठी आहे, किंवा जे तासातासाला किंमत गमावतं, तेच विमानात परवडतं.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण देतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला भगवा डाळिंबाचा वाण आज जगभर ओळखला जातो. २०२३ मध्ये अमेरिकेला भगव्याची चाचणी खेप विमानाने गेली. तिकडे फळ पसंत पडलं. मग हे फळ थंडाव्यात साठ दिवस टिकवता येतं हे प्रयोगाने दाखवलं गेलं, आणि २०२५ मध्ये ४,६२० खोकी, सुमारे १४ टन डाळिंब, जहाजाने पाच आठवड्यांत न्यूयॉर्कला पोचलं. विमानाने बाजार उघडला आणि माल टिकतो म्हटल्यावर तो बोटीत गेला. हे वाईट नाही, धंदा असाच शहाणा होतो. पण त्यातून तुमच्या पेरूचं उत्तरही मिळतं. पेरू जड आहे, किलोमागे भाव बेताचा आहे. त्याला विमानात बसवायचा आग्रह मी तुम्हाला करणार नाही. शेवंतीचं मात्र तसं नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या गाझीपूर फूलबाजारात पोचलेली शेवंती आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलेली शेवंती, यांची किंमत तुम्हाला मी सांगायला नको.

मग अडतं कुठे? लोक धावपट्टीकडे बोट दाखवतात. काकडीचा विमानतळ महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने उभारला आणि १ ऑक्टोबर २०१७ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. सुरुवातीची वर्षं कठीण गेली हे खरं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात दृश्यमानता कमी म्हणून उड्डाणं कित्येक दिवस थांबली होती. ज्या वाहतुकीचा दिवस ठरलेला नाही, तिच्यावर फुलाचा व्यापारी कसा विसंबेल? २०२५ मध्ये इथे रात्रीची प्रवासी उड्डाणं सुरू झाली. प्रवाशांनी त्याचं स्वागत केलं ते सोयीसाठी, मला ती बातमी मालाच्या बाजूने जास्त मोलाची वाटली.

त्याला कारण आपला उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते. दख्खनच्या पठारावर मे महिन्यातल्या दुपारी वजन कमी करायची वेळ आली, तर आधी काय उतरवतात? प्रवासी नाही, त्याची बॅगही शक्यतो नाही. मालाची खोकी उतरतात. याला ‘ऑफलोड’ म्हणतात आणि शेतमाल पाठवणाऱ्याच्या छातीत धस्स करणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. रात्रीच्या गार हवेत हा धोका कमी. शिवाय पहाटे तोडलेला माल दिवसभर थंड करून रात्री चढवला, की दुसऱ्या पहाटेच्या बाजारात तो उभा.

‘दिवसभर थंड करून’ हे मी सहज लिहून गेलो, पण खरी खोट तिथेच आहे. तोडलेलं फूल जिवंत असतं, श्वास घेत असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याच्या श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे आयुष्य तेवढ्याच वेगाने सरतं. एकदा एका विमानतळाच्या मालधक्क्याबाहेर, एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, फुलांची खोकी उघड्या टेम्पोत बसलेली मी पाहिली होती. कागदपत्रात काही चूक होती. चूक दुरुस्त होईपर्यंत तीन तास गेले. विमान दोन तासांत दिल्लीला पोचणार होतं, पण फुलांचं वय टेम्पोतच वाढून गेलं होतं. चालकाने डोक्यावरचा पंचा काढून एका खोक्यावर टाकला, ते मला अजून आठवतं. एवढ्या महागड्या वाहतुकीच्या तोंडाशी सावलीची सोयही नसावी, याचा मला आजही राग येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की आपल्याला आज दुसऱ्या धावपट्टीपेक्षा पहिल्या आठ तासांची गरज जास्त आहे. गावाजवळ पॅकहाऊस, तिथे माल आधीच गार करायची प्रीकूलिंगची खोली, तिथून विमानतळापर्यंत गारवा राखणारी रीफर गाडी. विमानतळावर क्ष-किरण तपासणी, वजन, एअरवे बिल हे सगळं उड्डाणाच्या काही तास आधी उरकावं लागतं, आणि तो वेळही माल गारव्यातच राहायला हवा. या साखळीतली एक कडी तुटली, की पुढचा सगळा खर्च पाण्यात. त्यात नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे. मऊ फळाला आणि फुलाला बसलेले हिसके दिल्लीत गेल्यावर काळे डाग होऊन दिसतात.

शेजारच्या ओझर विमानतळाकडे पाहण्यासारखं आहे. तिथली धावपट्टी विमानं बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. त्यांनी रेल्वेच्या कंटेनर महामंडळाबरोबर मिळून मालाची व्यवस्था उभी केली, आणि २०१८ मध्ये तिथून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या. ज्याने हे पहिल्यांदा ऐकलं त्याला नवल वाटलं. पण जिवंत जनावर हाही तासाचा माल आहे, आणि एकगठ्ठा माल असल्यामुळे विमान भरलं. आपल्याकडे नेमकं तेच होत नाही. तुमची चार खोकी, शेजारच्यांची सहा, वाकडीची दोन, पुणतांब्याची पाच, सगळी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मापाची. कार्गो एजंट त्याला हात कशाला लावेल?

शेतमाल नेणाऱ्या किसान रेलचा अनुभवही हेच सांगतो. २०२० मध्ये देवळालीहून ती सुरू झाली, पाठोपाठ सांगोल्याहून जोडगाडी आली आणि नगर, बेलापूर, कोपरगाव या स्थानकांवरून माल चढू लागला. भाड्यात निम्मं अनुदान होतं. अनुदान सरलं तसा तिचा जोर ओसरला. अनुदानाने सुरुवात व्हावी, माझा विरोध नाही. पण त्या काळात गावोगावी माल एकत्र करण्याची घडी बसली नाही, तर गाडी गेल्यावर फलाट तेवढा उरतो.

जिल्हा मोठा आहे, हेही विसरू नये. पारनेर किंवा अकोळनेरच्या फूल उत्पादकाला काकडीपेक्षा पुणे सोयीचं, मात्र लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि प्रवासी विमानांनाच तिथे जागा अपुरी पडते. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे सुटे भागही तिकडेच किंवा मुंबईकडे वळतात. उत्तरेकडच्या तालुक्यांना समृद्धी महामार्ग जवळ आला. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा. आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाची पहिल्या टप्प्यातली मालक्षमता वर्षाला पाच लाख टन आहे. परदेशी जाणारं फूल तुमच्या गावाहून संध्याकाळी रीफर गाडीत निघून मध्यरात्रीच्या सुमाराला तिथे पोचू शकतं. तेव्हा काकडी आणि समृद्धी यांना एकमेकांचे स्पर्धक समजू नका. देशातला तातडीचा थोडा माल काकडीवरून, परदेशी जाणारा मोठा माल रस्त्याने नवी मुंबईला, असा विचार मला जास्त व्यवहाराचा वाटतो.

यात पोरापोरींना कामही आहे, तुमची मुलगी मोठी होईल तेव्हा तर नक्कीच. विमानात वजन कुठे किती ठेवायचं याचा हिशोब करणारे, सीमाशुल्काची कागदपत्रं करणारे, शीतगृह चालवणारे, फळं-फुलं तपासून आरोग्याचा दाखला देणारे लोक लागतात. आपल्या जिल्ह्यातून साखर कारखान्यांना माणसं मिळाली, दूध संघांना मिळाली, इथेही मिळतील.

आता तुम्ही काय करावं? या हंगामात एक वही करा आणि ती मुलीच्या हाती द्या. सकाळी दव वाळल्यावर शेवंती तोडा, कारण ओलं फूल खोक्यात काळं पडतं. एक खोकं सावलीत ठेवा, एक गोठ्याच्या गारव्यात, एक नेहमीसारखं पत्र्याखाली. दर चार तासांनी बघून मुलीने लिहायचं : रंग कसा, पाकळी गळते का, वास कसा. प्रत्येक खोक्याचं माप आणि वजनही लिहा. शेजारच्या आठ-दहा घरांनी असंच केलं आणि आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी एकाच मापाची किती खोकी निघतील हा आकडा काढला, तर तो आकडा घेऊन तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत कार्गो एजंटाकडे जा. तो पहिला प्रश्न हाच विचारेल : कोणत्या वारी, किती खोकी, किती बाय किती?