सव्वा मुठीचा हिशेब

काल फोनवर कुजबुजत विचारलंस ना, "ताई, माझा देवावर विश्वास नाही, मग कानबाईपुढे बसणं ढोंग नाही का होणार?" कुजबुजीवरूनच कळलं, तुझ्या सासूबाई मागे गहू निवडत बसल्या असणार. खरं सांगू का, मीही तुझ्यासारखीच कोरडी. उदबत्ती लावताना माझ्या मनात दूधवाल्याचा हिशेब चालू असतो. तरी सुरतेत आल्यापासून एकही कानबाई मी चुकवलेली नाही.

बघ, नागपंचमीनंतरचा कानबाईचा रविवार आला की लिंबायत, उधना, डिंडोलीत खानदेश उतरतो. यंत्रमागाच्या संच्यावर बारा-बारा तास उभी राहणारी माणसं रात्रभर जागतात. भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करणाऱ्या बाया अहिराणीत गाणी म्हणतात, फुगड्या घालतात.

पण मला धरून ठेवलं ते गव्हांनी. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. पहिल्या वर्षी मी बाजूला मोबाईल बघत उभी होते. नावं घेता घेता माझ्या सासूबाईंनी धाकट्या दिरांचं नाव घेतलं. ते भांडून गेलेले, चार वर्षं फोनसुद्धा नाही. मूठ मात्र तेवढीच भरली, वरची पाव मूठही अगदी मोजून. मी मोबाईल ठेवला गं.

पुरुषांचीच नावं का, यावरून मी भांडलेसुद्धा. आता माझ्या लेकीचीही मूठ पडते. सासूबाई ती टाकताना छताकडे बघतात, म्हणजे आपण काही केलंच नाही!

आणि चुकायला घाबरू नकोस, माझ्याहून मोठी चूक तुझ्या हातून व्हायची नाही. रोट भाऊबंदकीबाहेर द्यायचे नसतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी शेजारच्या ओडिया वहिनींना डबा भरून दिला. सासूबाई अनवाणी धावत गेल्या, डबा परत आणला आणि त्यात खीर भरून पुन्हा नेऊन दिला. त्या वहिनी दरवर्षी विचारतात, यंदा डबा एकदाच येणार की दोनदा?

तू एवढंच कर. नवस बोलायला लावलं तर सरळ सांग, मला जमत नाही, पण पुरण मी वाटते. पुरण वाटणारीला कुणी प्रश्न विचारत नाही, अनुभव आहे. आरतीला टाळ्या वाजव, डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. रोट बेतानं कर, ते पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. शेवटी कडक झालेले आपल्यालाच चावावे लागतात.

सोमवारी सकाळी तापीवर मात्र नक्की जा. मुलताईहून निघून, भुसावळावरून खाली येऊन हीच तापी सुरतेपुढे समुद्राला मिळते. आमचे सासरे कधी देवळाची पायरी चढले नाहीत, पण घाटावर ओंजळभर पाणी घेऊन म्हणायचे, "आपल्याकडूनच आलंय हे." आणि बराच वेळ ते पाणी सोडायचे नाहीत.

बरं, दळणाचं बघ. घंटीवाला, म्हणजे गिरणीवाला, कानबाईच्या दळणासाठी घंटी धुऊन-पुसून घेतो, त्यामुळे रांग लागते. सकाळी सातच्या आत जा, गहू आणि डाळीच्या पिशव्या वेगळ्या ने. आणि निघण्यापूर्वी तुझ्या सासूबाईंच्या शेजारी बसून मुठी मोज. कुणाकुणाची नावं निघतात ते मला रात्री फोन करून सांग.