आमदारांचं विधानसभेतलं काम कसं तपासावं

जालना जिल्ह्यातल्या जाफराबादेत आमदारांचं काम मोजतात ते रस्त्यावर, सभामंडपावर आणि लग्नातल्या हजेरीवर. सभागृहात ते काय बोलले, कुठल्या समितीवर होते, हे कुणी विचारत नाही. वही-पेन घेऊन बसलात तर दोन-तीन संध्याकाळींत कळतं.

आधी नाव नीट लिहा. जाफराबाद भोकरदन मतदारसंघात येतं, क्रमांक १०३. २००९ मध्ये इथून चंद्रकांत दानवे निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये संतोष दानवे. रावसाहेब दानवे आधी आमदार, मग खासदार. अंबादास दानवे तर २०१९ मध्ये विधान परिषदेवर निवडून गेलेले. नुसतं ‘दानवे’ शोधलंत तर एकाचं काम दुसऱ्याच्या खात्यावर पडणार. म्हणून पूर्ण नाव, सभागृह आणि साल एकत्र लिहा.

मग विधानमंडळाच्या संकेतस्थळावर एकेका अधिवेशनाच्या तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी विचारलेल्या, प्रश्नांच्या याद्या उघडा. इथं घाई नको. एका प्रश्नाखाली अनेकदा बऱ्याच आमदारांची नावं असतात, त्यामुळे ‘शेकडो प्रश्न मांडले’ या आकड्याला भुलू नका. आपल्या भागाचे प्रश्न वेगळे काढा आणि उत्तरं वाचा. ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशी सरकारी भाषा दिसेल. ‘अंशतः’ला खूण करा, खरी गोम बहुधा तिथंच असते. लक्षवेधी सूचना वेगळ्या पानावर टिपा. मंत्र्यानं सभागृहात आश्वासन दिलं असेल तर तारीख लिहा, कारण त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे.

समित्यांचं काम दिसायला अवघड. लोकलेखा, अंदाज, रोजगार हमी, पंचायती राज या समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात; बाहेर येतो तो अहवाल. जिल्हा परिषदेत ‘पीआरसी येणार’ म्हटलं की फायलींवरची धूळ झटकली जाते, ती हीच पंचायती राज समिती. अहवालाच्या सुरुवातीला सदस्यांची यादी असते. आमदार मंत्री असतील त्या काळात मात्र तिथं त्यांचं नाव शोधू नका. मंत्री या समित्यांवर नसतात.

विधेयकांत अशासकीय विधेयक पाहा, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यानं स्वतः मांडलेलं. ते मंजूर होणं दुर्मीळ, पण विषय कोणता निवडला यावरून माणूस कळतो. आमदार निधीची कामं या वहीत नकोत. त्यांची माहिती जालन्याच्या जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते.

अडलंच तर माहिती अधिकारात अर्ज करा. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, वर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ‘अमुक सालापासून कोणत्या समित्या, किती बैठका, किती उपस्थिती’ एवढंच विचारा. पत्ता: जन माहिती अधिकारी, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०००३२. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती वहीलाच टाचा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.