अनुदान पोहोचले काय? म्हैसूरचा अनुभव आणि ई-शासनाच्या संशोधनाची पुढील दिशा

शासकीय सेवांचे संगणकीकरण म्हणजे केवळ कागदावरील नोंदी पडद्यावर आणणे नव्हे. सेवा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचली किंवा नाही, हीच तिची खरी कसोटी होय. या दृष्टीने म्हैसूर जिल्ह्याचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान थेट बँक खात्यात जमा करण्याची योजना जून 2013 मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांत होता. म्हैसूरमध्ये तिचा प्रारंभ 1 जुलै 2013 रोजी झाला. ग्राहकाने सिलिंडर बाजारभावाने घ्यावा आणि अनुदान त्याच्या खात्यात यावे, अशी ही रचना होती. त्यासाठी आधार क्रमांक दोन ठिकाणी जोडणे आवश्यक होते: गॅस एजन्सीकडे आणि बँकेत. जोडणीसाठी तीन महिन्यांची मुदत होती. यांपैकी एक जरी कडी निखळली, तरी पात्र कुटुंबाला पूर्ण किंमत मोजावी लागे.

2014 च्या आरंभी योजना स्थगित होऊन तिचा फेरविचार झाला. 15 नोव्हेंबर 2014 पासून 54 जिल्ह्यांत आणि 1 जानेवारी 2015 पासून देशभर ती 'पहल' या नावाने पुन्हा सुरू झाली. आधार नसलेल्या ग्राहकालाही बँक खात्याचा तपशील देऊन अनुदान घेण्याची सोय आता करण्यात आली. पर्यायी मार्ग हा व्यवस्थेचा दोष नसून तिचा आधारस्तंभ असतो, हा यातील बोध होय.

यावरून भावी संशोधनाच्या तीन दिशा स्पष्ट होतात.

1. अपूर्ण व्यवहारांचा अभ्यास : अहवालांत यशस्वी व्यवहारांची संख्या ठळकपणे दिसते. परंतु निष्क्रिय खाते, नावातील तफावत किंवा झिजलेले बोटांचे ठसे यांमुळे वंचित राहणारे कोण, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

2. उत्तरदायित्व : रक्कम न आल्यास ग्राहकाने एजन्सीकडे जावे, बँकेकडे की शासकीय कार्यालयाकडे? एकाच ठिकाणी तक्रार नोंदवून तिचा अखेरपर्यंत मागोवा कसा घेता येईल, याची पाहणी व्हावी.

3. माहितीची गोपनीयता : कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 रोजी निर्णय दिला. शासकीय लाभांसाठी आधारचा वापर न्यायालयाने वैध ठरविला. मात्र प्रत्येक बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. 2023 मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही संमत झाला. ग्राहकाची संमती खरोखर समजून-उमजून दिलेली असते काय, हा प्रश्न अद्याप अभ्यासकांपुढे आहे.

1916 मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर विद्यापीठासारख्या संस्था आणि बँकांच्या शाखा यांनी एकत्र येऊन असे अभ्यास हाती घेतल्यास त्यांचे निष्कर्ष प्रत्यक्ष खिडकीवर उपयोगी पडतील.

ग्राहकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आधारावर आधारित लाभ एका वेळी एकाच खात्यात जमा होतो; सामान्यतः ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी जोडला गेला, त्या बँकेतील खात्यात. अपेक्षित रक्कम दिसत नसेल, तर ती आपल्याच जुन्या अथवा विस्मृतीत गेलेल्या खात्यात पडून असू शकते. म्हणून आपला आधार कोणत्या बँकेशी संलग्न आहे, याची शाखेत एकदा खात्री करून घ्यावी. हक्काचा पैसा हक्काच्या हाती पडला, तरच तंत्रज्ञान सार्थकी लागले असे म्हणता येईल.