कंपाइलर, मी आणि पंधरा अक्षरे

मराठीचा विद्यार्थी संगणकाच्या वाटेला कशाला गेला, असे मित्र विचारतात. कारण साधे आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा व चौथ्यात चार अक्षरे असतात. निबंधासाठी शेकडो चरण बोटांवर मोजून मी थकलो होतो. दोनदा मोजले की दोन वेगळी उत्तरे येत. हे काम यंत्राकडून करून घ्यावे म्हणून घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स घातले आणि ‘सी’ भाषेचा जीसीसी हा कंपाइलर बसवला.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा रूपात आणतो तो कंपाइलर. ग्रेस हॉपर यांनी १९५२ मध्ये या दिशेने पहिले पाऊल टाकले. जीसीसी १९८७ पासून उपलब्ध आहे. पण हे काम एकट्याचे नव्हे. पहिला घटक लागणाऱ्या फायली आणून जोडतो, दुसरा ‘सी’चे असेंब्ली भाषेत रूपांतर करतो, तिसरा त्यातून यंत्रभाषा बनवतो आणि शेवटचा, म्हणजे लिंकर, तयार लायब्ररींशी सांधा जुळवतो.

म्हणून चाचणीही टप्प्याटप्प्याने घ्यावी आणि उत्तर आधी ठाऊक असलेलाच प्रश्न विचारावा. पहिला प्रोग्रॅम नुसता ‘नमस्कार’ म्हणणारा होता. तो चालला. दुसरा, दिलेल्या संख्येचे वर्गमूळ काढणारा. येथे लिंकर अडला, कारण गणिताची लायब्ररी जोडण्याची सूचना मी दिलीच नव्हती. आज्ञेच्या शेवटी ती लिहिताच १४४ चे १२ आले.

तिसऱ्या वेळी ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली. उत्तर आले १५! कंपाइलर बिघडला असे समजून मी तो काढून पुन्हा बसवला. पुन्हा १५. दोन दिवसांनी उलगडा झाला. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. म, र, काना, ठ, वेलांटी ही पाच चिन्हे, म्हणून पंधरा. यंत्र बाइट मोजत होते, मी अक्षरे. यंत्राचे उत्तर बरोबर होते, माझा प्रश्न चुकला होता.

मग प्रोग्रॅमला नियम घालून दिले: काना, मात्रा, अनुस्वार मोजायचे नाहीत, हलन्त चिन्हापुढचे व्यंजन वेगळे धरायचे नाही. हे नियम संगणकाच्या पुस्तकातून नव्हे, व्याकरणाच्या तासाला शिकलो होतो. आता ‘मराठी’ तीन अक्षरी झाली, ‘ज्ञानेश्वर’ चार अक्षरी.

निबंधातील तीन चरणांची माझी मोजणी मात्र चुकलेली निघाली. ती पेनने दुरुस्त करून, प्रोग्रॅमची प्रत सोबत जोडून निबंध सरांना दिला.